खांबावरची पेटी

"उंची नको, बाबा," शाल्मली म्हणाली. "वरून पडली तर पोट फुटेल तिचं."

मी आलेखकागदावरून मान वर केली. सकाळपासून खपून मी पेटीचा आराखडा काढला होता. समोरून, बाजूने आणि वरून अशी तिन्ही दृश्ये, सगळी मापे मिलिमीटरमध्ये. काचेची पेटी, दोन फूट उंच, आत चढायला एक वाळकी फांदी. कोळी म्हटला की तो वर चढणार, जाळे विणणार आणि मधोमध लटकणार, असे मी धरून चाललो होतो.

"ही लटकणाऱ्यातली नव्हे. ही बिळात राहणारी. हिला भिंती बुटक्या आणि माती भरपूर लागते. आणि वर तारेची जाळी नको, त्यात नखं अडकतात. भोकं पाडलेलं झाकण हवं."

"भोकं किती मिलिमीटरची?"

ती हसली. दोन वर्षांपूर्वी सून म्हणून आमच्या घरात आल्यापासून ती अशी मोकळी हसल्याचे मला फारसे आठवत नव्हते. "दोन," ती म्हणाली.

"आणि फुटलं पोट तर फुटलं," स्वयंपाकघराच्या दारातून माझी पत्नी मालती म्हणाली. "मी इथे झुरळं मारून थकले, आणि ह्या बाईसाहेब कोळ्याला चारायला किडे विकत आणणार!"

"रातकिडे, आई. झुरळं नव्हेत."

"मग काय, भजनाचीही सोय झाली."

शाल्मली गावातल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. तिच्या पुण्याच्या मैत्रिणीने ही टॅरान्टुला जातीची कोळीण घरातच पिलापासून वाढवली होती. मूळ वाण ब्राझीलचा. रंग काळा मखमली, पाय पसरले की तळहात भरेल एवढी. मैत्रीण परदेशी निघाली, म्हणून शाल्मलीने तिला मागून घेतले. माझा मुलगा सुहास कापडाच्या कामासाठी महिन्यातले वीस दिवस भिवंडीला असे. त्याने फोनवर "बाबांना विचार" एवढेच सांगितले. तिने मला विचारले. दोन वर्षांत तिने मागितलेली ती पहिली गोष्ट. नाव मात्र तिने आधीच ठेवले होते: ठमी. भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठमी टेबलावर बसून होती आणि माझ्या आराखड्याची वाट पाहत होती.

शाल्मली कॉलेजला गेल्यावर मालती माझ्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही पेटी करा, नाही कुठे म्हणतेय? पण ही पोरगी इथे टिकायची नाही. कॉलेजातून आली की गच्चीवर येरझाऱ्या. घास गिळते न गिळते, की पुन्हा उठते. वर्षात दोनदा आंबोलीला माहेरी गेली, दोन्ही वेळा चार दिवसांचे पंधरा केले. आणि शुक्रवारी सुट्टी घेऊन दिवसभर लोळत पडते, ते वेगळंच. आता पुण्याहून मुलाखतीचं पत्र आलंय. तुम्हाला सांगितलं तिनं?"

"नाही."

"मलाही नाही. टेबलावर दिसलं." मालतीने माझा आलेखकागद सरळ केला. "पंधरा दिवस देते मी त्या किड्याला. रुळलं, खाल्लं, तर राहू दे. नाही तर जिथून आलं तिथे जाऊ दे. आणि एक लिहून ठेवा. ज्या दिवशी ही पेटी रिकामी होईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती खोली रिकामी होईल."

मी खरोखरच लिहून ठेवले. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

मी शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला माणूस. वडिलांच्या चार यंत्रमागांचे मी इचलकरंजीत चोवीस केले. खाली कारखाना, वर घर; माझे सारे आयुष्य त्या दोन मजल्यांत गेले. काम नीट समजून घ्यावे आणि मग पक्के करावे, एवढेच मला येते. तेव्हा मी नवा आराखडा काढला. लांबी अठरा इंच, रुंदी बारा, उंची बारा. त्यातली सात इंच माती. माती म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपत ओला. एका कोपऱ्यात अर्धी फोडून आडवी ठेवलेली कुंडी, आडोशासाठी. दुसऱ्या कोपऱ्यात पाण्यासाठी चिनी मातीची पांढरी बशी. झाकणाला दोन मिलिमीटरची एकशे चव्वेचाळीस भोके, बारा ओळींत.

राहिला प्रश्न ठेवायचे कुठे. शाल्मली म्हणाली, "मधल्या खोलीतल्या टेबलावर चालेल."

"टेबल डुगडुगतं. कुणाचा धक्का लागला तर?"

मधल्या खोलीच्या भिंतीत एक काँक्रीटचा खांब आहे. खालच्या कारखान्याच्या पायातून निघून तो थेट गच्चीपर्यंत जातो. घरातली त्याहून भक्कम वस्तू दुसरी नाही. लोखंडी अँगलचा स्टँड करून मी तो चार बोल्टांनी त्या खांबाला जखडला. आमचा जॉबर इसाक मदतीला वर आला होता. मागांची दुरुस्ती त्याच्याकडे. माझ्याकडे तीस वर्षे काम करत होता, त्यामुळे तोंडाला कुलूप नव्हते.

"सायेब, ह्याच्यावर हत्ती बसवा, हलायचा न्हाई," शेवटचा बोल्ट आवळून तो म्हणाला. मग काचेला नाक लावून त्याने ठमीला पाहिले. "कोष्ट्याच्या घरात कोळीण नांदाय आली म्हणा की! इणकर मिळंना झालेत, हिला बशिवतो बारा नंबरच्या मागावर."

शनिवारी संध्याकाळी शाल्मलीने डबा पेटीत आडवा धरला आणि मऊ कुंचल्याने मागून हलकेच डिवचले. ठमी एकेक पाय मोजून टाकत बाहेर आली. मातीवर उतरली. थांबली. पुढचे दोन पाय उचलले, पुन्हा ठेवले, आणि सरळ काचेवर चढली.

"नवी जागा आहे," शाल्मली म्हणाली. "एक-दोन दिवस घेईल."

एक-दोन दिवसांनी काहीच झाले नाही. मी रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला पाहणी करून वहीत नोंद करत होतो. नोंदी अशा: 'उजवी काच, वरचा कोपरा.' 'डावी काच. चालते आहे.' 'झाकणाला उलटी. चालते आहे.' 'मातीवर, परंतु पाय ताठ, पोट वर उचललेले, जणू तव्यावर उभी.' कुंडीत तिने पाय घातला नाही. बीळ तर दूरच. सोडलेला रातकिडा तिच्या पायाशी बसून आपल्या मिशा साफ करीत असे आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

"माती ओली झाली असेल," शाल्मली म्हणाली. आम्ही माती कोरडी केली. "उजेड जास्त असेल." मी तिन्ही बाजूंना काळा कागद लावला. कुंडीचे तोंड भिंतीकडे फिरवले, मग खिडकीकडे फिरवले. बशीतले पाणी दिवसातून दोनदा बदलले. पहिल्या शुक्रवारी मी मिरजेला एका लग्नाला गेलो होतो. त्या दिवसाच्या रकान्यात नुसती रेघ आहे.

त्या फिरण्याची मलाही बाधा झाली. कारखान्यात हिशेबनीसाशी बोलताना मध्येच उठून मी वर येत असे. जेवताना मान आपोआप त्या खांबाकडे वळे. मालती म्हणाली, "एक गच्चीवर फिरते, एक काचेवर फिरते, आणि आता तुम्ही जिन्यावर. मी एकटी बसलेय घरात."

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी मी पाहणीला आलो, तर शाल्मली आधीच पेटीसमोर बसली होती. अंगावर शाल, डोळ्यांखाली काळे. तिच्या पायाचा अंगठा सारखा हलत होता.

"झोपली नाहीस?"

"झोपले की. जाग लवकर आली."

ठमी झाकणाला उलटी लटकून चालत होती. आम्ही दोघे तिच्याकडे पाहत राहिलो.

"बाबा, मी हिला हौसेनं आणलं. उगाच छळ मांडलाय जिवाचा."

"अजून पंधरा दिवस झाले नाहीत."

"आईंचे पंधरा दिवस तिला काय माहीत?" ती हसली, पण ते हसू आराखड्याच्या दिवशीचे नव्हते. मग खाली बघून म्हणाली, "सोमवारी पुण्याला मुलाखत आहे माझी. तुम्हाला सांगायचंच होतं. रविवारी चारच्या गाडीनं जाईन. तेव्हा हिलाही नेते. तिथे एक जण आहे, सांभाळेल."

"आणि तू परत कधी?"

ती उठली. शालीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"बघू," म्हणाली.

तो 'बघू' दिवसभर माझ्या डोक्यात चालत राहिला.

शुक्रवारी आमच्या भागात मागांची वीज बंद असे. सकाळी आठला माग थांबत ते संध्याकाळी सहाला सुरू होत. इसाक आणि त्याची माणसे त्या दिवशी तेलपाणी करीत. मला शुक्रवार कधीच मानवला नाही. चहा दोनदा होई, वर्तमानपत्र तीनदा वाचून होई, आणि दुपारी आडवे झालो तर खोलीतून कुणीतरी उठून गेल्यासारखे वाटून डोळा लागत नसे. त्या शुक्रवारीही साडेदहालाच मी चौथ्यांदा उठलो आणि पेटीपाशी आलो.

काचेवर ठमी नव्हती. झाकणालाही नव्हती.

झाकण जागच्या जागी होते, तरी मी ते चाचपून पाहिले. मी खाली वाकलो. कुंडीच्या तोंडाशी माती हलत होती. थोड्या वेळाने आतून एक गोळा पुढे आला आणि त्यामागे दोन काळे पाय. गोळा बाहेर ढकलून ती मागे सरकली आणि पुन्हा आत गेली. थोड्या वेळाने दुसरा गोळा आला. रातकिडा कुठे दिसेना. त्याचा एक पंख तेवढा कुंडीच्या कडेला पडला होता.

मी वही उघडली आणि लिहिण्याआधी सवयीने बशीकडे पाहिले. बशीतल्या पाण्यात समोरच्या खिडकीचे गज दिसत होते. सहा गज, पट्टीने आखल्यासारखे सरळ.

तेरा दिवस, दिवसातून दोनदा मी त्या बशीत पाणी भरत होतो. तिच्यात ते गज मला नेहमी चुरगळलेलेच दिसले होते. बशीचाच काही दोष असेल, असे मी मानले होते.

मी खांबावर तळहात ठेवला. खांब गार आणि मुका होता.

जिन्यात जाऊन मी हाक मारली, "इसाक! जनरेटर लाव. दोन माग चालू कर."

"आज? शुक्रवारी?" खालून त्याचा आवाज आला. "सायेब, बरं हाय न्हवं तुमाला?"

"दोनच. खांबाजवळचे."

मी पेटीपाशी परत आलो. खाली जनरेटर धडधडला आणि मग माग. बशीतले गज आधी कापले, मग वाकले, मग मोडले. मधून एकामागून एक बारीक वर्तुळे उठू लागली. कुंडीतून येणारा गोळा अर्ध्यात थांबला. ठमी बाहेर आली. पुढचा एक पाय उचलून तिने तो मातीला लावला, काढला, पुन्हा लावला. मग ती वळली आणि काच चढू लागली.

"बंद कर!" मी ओरडलो. "बंद कर, इसाक!"

माग बंद कर म्हणून मी जन्मात पहिल्यांदा ओरडलो असेन. मालती हातात मेथीची जुडी घेऊन धावत आली.

"काय झालं? मेलं का ते?"

"शाल्मली कुठे आहे? तिला बोलाव."

"झोपलीय. शुक्रवार ना आज. हलवलं तरी उठायची नाही, कुंभकर्ण."

"दर शुक्रवारी झोपते?"

"दोन वर्षं सांगतेय की मी तुम्हाला!"

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस..." मालतीने गच्चीकडे हात केला, आणि तो हात तसाच राहिला. माझ्या तळहाताला खांबाची धूळ लागली होती. मी ती धोतराला पुसली.

तिला मी उठवू दिले नाही. संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन पेटीपाशी आली, बीळ पाहिले आणि लहान मुलीसारखी गुडघ्यांवर बसली. मी तिला सगळे सांगितले. गज, बशी, दोन माग. ती ऐकत राहिली. सहा वाजले. खाली वीज आली, चोवीस माग सुरू झाले, आणि तिने कप खाली ठेवून दिला.

"तुला इथे झोप लागत नाही," मी म्हणालो.

"नवीन होते तेव्हा सुहासला सांगितलं होतं. तो म्हणाला, होईल सवय."

"दारंखिडक्या सगळ्या दुहेरी आहेत. आवाज तर..."

"आवाजाचं काही नाही हो, बाबा. आवाजाला कान झाकता येतात. उशीवर डोकं टेकलं की ती थरथर दातांत येते." तिने ओठ मिटले आणि पुन्हा उघडले. "तुम्हाला काय सांगणार होते? ह्या मागांवर घर चालतं. त्यांना म्हणू, जरा हळू चाला?"

ठमी वर चढत होती. मी पाना आणला आणि इसाकची वाट न पाहता चारही बोल्ट काढले. पेटी जड होती. एक बाजू शाल्मलीने धरली. टेबलावर ठेवणार, तोच मालती म्हणाली, "थांबा," आणि आतून जुनी गोधडी आणली. चौघडी करून पसरली. "ठेवा आता." बशीतले पाणी पुरते निवळले नाही, पण त्यात गज आहेत एवढे ओळखू येऊ लागले.

"तिला गोधडी पुरेल," मी मालतीला नंतर म्हणालो. "माणसाला नाही पुरायची."

"म्हणजे?"

"सुहास-शाल्मलीसाठी बाहेर घर बघतो."

मालती बराच वेळ मेथी निवडत राहिली. निवडलेली आणि न निवडलेली एकाच ढिगात पडत होती. "एकुलता एक मुलगा. लोक म्हणतील, सुनेला वेगळं काढलं."

"म्हणू देत."

सुहासला फोन केला, तर त्याचाही तोच प्रश्न. "बाबा, आम्हाला वेगळं काढताय?"

"वेगळं नाही. त्या खांबापासून लांब नेतोय."

शनिवारी मी बशी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि घरे पाहायला निघालो. पहिल्या घराशेजारच्या बोळात सहा माग होते. दुसरे घर मोठे, हवेशीर. पण जमिनीवर ठेवलेल्या बशीत वर्तुळे उठलीच. मागल्या गल्लीत सुताला खळ देणारा सायझिंगचा कारखाना निघाला. घर दाखवणारा गृहस्थ कंटाळला. "काका, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात लोक. तुम्ही वाटीतलं काय बघताय?"

तिसरे घर गावाबाहेर नदीच्या वाटेवर होते. निवृत्त शिक्षक भोकरे गुरुजी खाली राहत आणि वरच्या दोन खोल्या रिकाम्या. सभोवार ऊस. रविवारी दुपारी मी शाल्मलीला म्हणालो, "गाडीला अवकाश आहे. वाटेत पाच मिनिटं चल." तिच्या हातात कपड्यांची बॅग होती. ठमी घरीच होती. बीळ खणलेल्या प्राण्याला उकरून काढायचे नसते, असे शाल्मलीनेच सांगितले. "सोमवारनंतर बघू तिचं," असेही ती म्हणाली.

खोल्या रिकाम्या होत्या. मी बशी जमिनीच्या मधोमध ठेवली, तांब्यातले पाणी ओतले आणि मागे सरलो. पाणी हलले, हेलकावले, आणि थांबले. त्यात छताचा पंखा उतरला. पंख्याची तिन्ही पाती मोजता येत होती. मी घड्याळ लावून पाच मिनिटे पाहिले.

"बघितलंस?" मी वळलो.

शाल्मली भिंतीला टेकून खाली बसली होती. "जरा टेकते, बाबा," ती म्हणाली. "साडेतीनला उठवाल?" बॅग उशाला घेऊन ती फरशीवर कुशीला वळली, आणि माझे 'हो' तिने ऐकले की नाही, मला सांगता येणार नाही.

सव्वाएक वाजला होता. मी उंबऱ्याबाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. खालून गुरुजींनी चहा हवा का म्हणून विचारले. मी हातानेच नको म्हटले. मालतीचा फोन आला.

"बसली का गाडीत?"

"झोपलीय."

"कुठे?"

"जमिनीवर. काही न अंथरता."

फोनमधून मागांचा आवाज येत होता. "पंखा लावा तिला," मालती म्हणाली आणि फोन ठेवला. पंखा मी लावला नाही. बशीतला बिघडला असता.

तीन वाजले, तेव्हा माझ्या मनात आले, न उठवले तर? गाडी जाईल, मुलाखत जाईल, ती इथे राहील. तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत मी ते मनात उलटसुलट केले. पेटी पक्की बसावी म्हणून मारलेले चार बोल्ट आठवले. साडेतीनला मी उठलो आणि दारावर टकटक केली.

"शाल्मली. साडेतीन झाले."

ती उठून बसली. गालावर बॅगेच्या चेनचा ठसा उमटला होता. कुठे आहोत हे तिला क्षणभर कळले नाही. मग तिचे लक्ष बशीकडे गेले आणि तिथेच राहिले.

"ह्या खोल्या कुणाच्या?"

"तुमच्या, तुम्हाला हव्या असल्या तर. पुण्याला जा. मुलाखत नीट दे. तिथे जमलं तर तिथे राहा. ही किल्ली मात्र तुझ्याजवळ असू दे, परत करायची घाई नाही."

तिने किल्ली घेतली. बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकली, मग काढली आणि मंगळसूत्राच्या वाटीजवळच्या पिनेत अडकवली. जिना उतरताना मी पुढे होतो, ती मागे.

"बाबा."

"हं?"

"मंगळवारी सकाळी येते मी. तोवर ठमीच्या बशीत तेवढं पाणी घाला."

चारची गाडी चार-दहाला सुटली. मी घरी आलो आणि बशी पेटीत ठेवून तिच्यात पाणी घातले. संध्याकाळी मालतीने ताट वाढले. खाली चोवीस माग चालू होते. मी पहिला घास घेतला नाही. वाटीतल्या आमटीकडे पाहत राहिलो. मधोमध एक बारीक वर्तुळ उठत होते, कडेला जाऊन विरत होते, आणि लगेच दुसरे उठत होते.

"काय बघताय?" मालती म्हणाली. "पातळ झालीय का?"

"नाही," मी म्हणालो. "नेहमीसारखीच आहे."